‘काय न्हाय’ म्हणणाऱ्या खाडीवर दोन दिवस

मंगळवार, २८ ऑक्टोबर, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. भिवंडीजवळ, खाडीकाठच्या एका गावात, धक्क्यापाशी पांढरी गाडी थांबली. दोन माणसं उतरली. जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला त्यांनी विचारलं, “खाडीत मासे मिळतात का?” तो म्हणाला, “काय न्हाय.” त्यांनी ते लिहून घेतलं, त्याचा फोटो काढला आणि गेले.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर शिकवायच्या की तक्रार करायची असेल तर तारीख आणि वेळ आधी लिहा, विशेषणं मागाहून, जागा उरली तर. म्हणून तारीख आणि वेळ आधी. ही वेळ मी शोधून काढलेली नाही, त्यांनीच फोटोखाली छापली आहे.

त्या ‘काय न्हाय’चं पुढे काय झालं ते ऐका. एका कार्यालयाच्या मसुद्यात त्याचं ‘या किनाऱ्यावर मासेमारी होत नाही’ असं वाक्य झालं. मासेमारी नाही म्हणजे धक्क्याची गरज नाही. धक्क्याची गरज नाही म्हणजे तिथे भराव टाकून गोदामांच्या ट्रकसाठी तळ करायला काही अडचण नाही. कोणाची हरकत असल्यास नोव्हेंबरअखेर कळवावे.

मला हे कळलं हिराबाईच्या फोनवरून. हिराबाई त्या म्हाताऱ्याची बायको, मासळी विकते, आणि माझी तिची ओळख माझ्या नोकरीइतकी जुनी.

“बाय, म्हाताऱ्यानं खाडी इकली.”

“केवढ्याला?”

“फुकट.”

मी त्या कार्यालयात फोन लावला. एक तरुण आवाज म्हणाला, “मॅडम, डेटा फील्डवरून आलाय.”

“तू गेला होतास फील्डवर?”

“नाही, एजन्सी गेली होती.”

“एजन्सीने पाण्यात हात तरी घातला का?”

“मॅडम, ते स्कोपमध्ये नव्हतं.”

मी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. नवऱ्याने विचारलं, कुठे? म्हटलं, स्कोपच्या बाहेर.

जे वाचक पहिल्यांदा इथे आले आहेत त्यांच्यासाठी. मी निवृत्त सागरी परिसंस्थाशास्त्रज्ञ आहे. हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे डॉल्फिन वगैरे का? नाही. चिखल. ठाणे-वसईच्या खाड्यांमधला चिखल चाळणीतून धुऊन त्यात कोणकोणते किडे, शिंपले आणि शेवंडाएवढी ऐट असलेल्या इवल्याशा कोळंब्या राहतात ते पाहायचं, आणि त्यांच्यावर कोण कोण जगतं, माशांपासून माणसांपर्यंत, ते समजून घ्यायचं. गुडघाभर चिखलात उभं राहून माझं तारुण्य गेलं आणि ते फार छान गेलं. निरोपसमारंभात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. गमबूट दिले असते तर जास्त उपयोगी पडले असते.

निघाले बुधवारी, पौर्णिमेला. दिवस मुद्दाम निवडला. खाडी बघायची तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला, उधाणाच्या दिवसांत जावं. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंदावते, त्याला भांग म्हणतात. भांगाला पाणी जेमतेम हलतं, मग प्रवाहावर फुगणारी जाळी कोणी पाण्यात घालत नाही, ती किनाऱ्यावर वाळत पडतात. २८ ऑक्टोबरला भांगच होता. म्हणजे एजन्सी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आली आणि दुकान बंद पडल्याचं लिहून गेली.

नाशिकहून ठाण्याकडे जाणारी एसटी घ्यावी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे निम्मी बस बायकांची आणि सगळ्या गप्पा आमच्या. कसाऱ्याच्या घाटात डावीकडची खिडकी मिळाली तर भांडून घ्या. शहापूरच्या अलीकडे बस थांबते तिथे चहा घ्या, भजी घेऊ नका, ती माझ्याही आधी निवृत्त झालेली दिसली. पडघा मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनर सुरू होतात आणि डोंगर त्यांच्यावरून डोकावत राहतात. मी वडप्याला उतरले. आधी कंडक्टरला सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही ठाण्याला पोहोचाल.

वडप्याला रिक्षावाला भेटला, अश्फाक. चाळिशीचा, बोलका, वडील लूमवर कारागीर म्हणून आलेले आणि इथलेच झालेले.

“किधर, मॅडम?”

“खाडीवर.”

“खाडी? उधर तो गोडाऊन है.”

“गोडाऊनच्या मागे.”

“मागे पन गोडाऊनच हाय.”

“त्याच्या मागे.”

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. पांढरे केस, गमबूट, मांडीवर चाळणी. “बैठो,” म्हणाला, “आप जिधर बोलोगे.” दोन दिवसांसाठी रिक्षा ठरवून टाकली. या भागात तेच शहाणपणाचं आहे, कारण परतीची रिक्षा गोदामाची शिफ्ट सुटली तरच दिसते.

पूर्णा, वळ या गावांकडून जाताना दोन्ही बाजूंना निळी पत्र्याची छपरं संपता संपत नाहीत. तुम्ही घरी बसून मागवलेला मिक्सर, पुस्तक, लेकराचे बूट, सगळं इथे कुठल्यातरी फळीवर रात्रभर मुक्कामाला असतं. मी नाक मुरडणार नाही. इथल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, बंगले बांधले, मुलं शिकवली. हिराबाईचा मुलगाही गोदामात सुपरवायझर आहे आणि बापापेक्षा वेळेवर जेवतो. माझं भांडण गोदामांशी नाही. माझं भांडण ‘नाही’ या शब्दाशी आहे, जो न बघता लिहिला गेला.

गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तसा संकेत आहे. या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी हाच संकेत आहे, म्हणून तो समजावून सांगते.

खाडीतला मच्छीमार ‘मिळालं’ असं कधीच म्हणत नाही. होडी भरून आली तरी रस्त्यात कोणी विचारलं, काय गावलं, तर उत्तर एकच: काय न्हाय. यात खोटेपणा नाही, ही रीत आहे. नजर लागू नये हे एक कारण, आणि शेजाऱ्याला आपल्या जागेचा पत्ता लागू नये हे त्याहून मोठं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की मच्छीमाराला ‘काय मिळालं’ हे कधी विचारायचं नाही. टोपलीत बघायचं, नाहीतर त्याच्या बायकोला विचारायचं, काल जेवायला काय केलंत. पुढे मीही माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी हेच सांगत आले. आमच्या पेशातली ही बाराखडी आहे. एजन्सीला ती ठाऊक नव्हती. त्यांना ‘राम राम’ला उत्तर म्हणून ‘राम राम’ मिळालं आणि त्यांनी ते देवाचा पत्ता म्हणून लिहून घेतलं.

गोंदादादाच्या घरी पोहोचले तेव्हा दुपार होत आली होती. गोंदादादा म्हणजे तोच म्हातारा, फोटोतला. घर खाडीच्या तोंडाला, ओट्यावर जाळी, अंगणात मांजर. आणि घरात मौनव्रत. हिराबाईने त्या मसुद्याच्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. जे सांगायचं ते ती मांजराला सांगायची.

“मांजरा, त्याला सांग भाकर वाढली. का बोलंल काय न्हाय?”

गोंदादादा मुकाट्याने जेवायला बसला. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा तो डोळे वटारलेला छोटा मासा, दिसायला आमच्या जुन्या डायरेक्टरांसारखा, चवीला पुष्कळ बरा. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात हे मिळणार नाही. इथेही ओळख असेल तरच.

जेवण झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. “म्याडम, दोन मानसं आली, बूट घालून. मी त्यांना ओलखत न्हाय. त्यांना काय बोलू? हा, माज्या खुटावर जिताडा लागतो, या, घेऊन जा?”

“तसं नाही हो, दादा.”

“सगलं गाव मना बोलतंय. तुझ्यामुलं होरी लावायला जागा राहनार न्हाय. पोरगा पन बोलला. पन तुमी सांगा, माजा बाप काय बोलला असता?”

“काय न्हाय,” मी म्हटलं.

“मग?”

मी त्याला एवढंच सांगितलं की कागदावर त्याचं नाव आहे, फोटो आहे, तेव्हा ते वाक्य त्यानेच फिरवायला हवं. खाडीत मासे आहेत असं त्याने एकदा स्वतःच्या तोंडाने सांगितलं की बाकीचं शास्त्र मी बघते. माझ्याकडे या खाडीच्या आयुष्यभराच्या नोंदी आहेत, पण त्यांच्या कागदावर ‘स्थानिक मच्छीमाराच्या म्हणण्यानुसार’ असं आहे. त्याला तोड स्थानिक मच्छीमाराचीच लागणार.

त्याने खाडीकडे बोट दाखवलं. “बोलनार न्हाय,” म्हणाला. “पानी ऐकतंय.”

हिराबाई मांजराला म्हणाली, “पानी ऐकतंय म्हने. बायको ओरडते ते ऐकत न्हाय.”

दुपारी भरती वळली तसे आम्ही होडीने निघालो, गोंदादादा वल्ह्यावर आणि मी चाळणी घेऊन. त्याचं जाळं डोलीचं. पाण्यात रोवलेल्या दोन खांबांना, म्हणजे खुटांना, बांधलेली लांबलचक पिशवी, ओहोटीच्या ओढीने फुगते आणि वाहत आलेलं पोटात घेते. खांबांची जागा घराण्याची, आजोबा-पणजोबांपासूनची. तिवरांच्या रांगेपलीकडे गोदामांची छपरं चमकत होती आणि अलीकडे बगळे आपापल्या जागा धरून उभे होते, त्यांच्याही बहुधा पिढीजातच असाव्यात.

खाडी काही स्वर्ग नाही, उगाच भुलू नका. पाण्यावर पिशव्या होत्या, थर्मोकोल होतं, एका वळणावर वास असा की रुमाल काढावा. मी चिखल उपसून धुतला. पूर्वी एका चाळणीत जे वैविध्य दिसायचं ते राहिलेलं नाही. पण किडे वळवळत होते, चिमुकली शिंपली होती, आणि एक खेकडा, म्हणजे इथली चिंबोरी, माझ्या बोटाला चावला. मेलेल्या खाडीतलं कोणी चावत नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याला “थँक्यू” म्हटलं.

संध्याकाळी, चंद्र गोदामांच्या छपरावरून वर येत असताना, जाळं उपसलं. कोळंबी, बोईटं, शिंगाल्या, चार-पाच चिंबोऱ्या, प्लॅस्टिक पुष्कळ. आणि तळाशी एक जिताडा, खाडीतला सगळ्यात भाव खाणारा मासा, कोपरापासून बोटांपर्यंत माझ्या हाताएवढा, चांदीसारखा. गोंदादादाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याने तो टोपलीत आडवा घातला, वर ओलं फडकं टाकलं आणि बिडी पेटवली. पण परतताना वल्ह्याचा वेग वाढला होता.

धक्क्यावर गावातली पाच-सात माणसं बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मुद्दाम हाक दिली, “गोंद्या, काय गावलं रं?”

“काय न्हाय.”

टोपलीच्या काठावरून जिताड्याची शेपटी बाहेर आली होती आणि तिने त्याच क्षणी एक फटका मारला. सगळा धक्का हसला. मीही हसले. हिराबाई टोपली घ्यायला खाली आली होती. ती हसली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मांजराला मध्ये न घेता नवऱ्याकडे पाहिलं.

“आधी शेपूट आत घाल,” ती म्हणाली. “मग बोल काय न्हाय.”

गोंदादादाने शेपूट आत घातली. आणि मग तोही हसला, अगदी थोडा.

रात्रीचं जेवण लवकर आटोपलं. जिताडा अर्थातच विकायचा, आम्हाला बोईटं. जेवताना मी हिराबाईला विचारलं, “तू बाजारात बसतेस तेव्हा तूही काय न्हाय म्हणतेस का?”

“बाजारात?” ती म्हणाली. “बाजारात काय न्हाय बोलली तर घेनार कोन? बाजारात मी ओरडून बोलते. ताजी कोलंबी, खाडीची चिंबोरी, या, बघा. टोपली उघडली की पानी मागं राहिलं. मग बोलायला कसली भीती?”

गोंदादादाने हातातला घास खाली ठेवला.

“बाजारात बाप्ये जात न्हाय,” तो म्हणाला. खरं आहे. धरणं पुरुषांचं, विकणं बायकांचं. त्याने जन्मात बाजारात पाऊल टाकलं नव्हतं.

“न्हाय ना?” हिराबाई म्हणाली. “मग उद्या जाऊ दे एक.”

रात्री मी भिवंडीत लॉजवर राहिले. खोली स्वच्छ, पंखा खरा, मालक सभ्य. शेजारच्या गल्लीतल्या लूमची खटखट कानांवर येत राहते, पण तिला ताल आहे, झोप लागते. सकाळी अश्फाक पाया-नानच्या टपरीवर घेऊन गेला. मी पाया खाल्ला आणि माझ्या डॉक्टरने हा ब्लॉग वाचू नये अशी प्रार्थना केली.

मासळी बाजारात हिराबाई नेहमीच्या जागी बसली होती. गुरुवार, म्हणून हिंदू गिऱ्हाईक थोडं कमी, पण भिवंडीचा बाजार एका वारावर चालत नाही. गोंदादादा तिच्या मागे उभा होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. आजूबाजूच्या कोळणींनी त्याला पुरतं धुऊन घेतलं.

“हिरे, नवीन माल आनलास का? कसा दिला?”

“शिळा हाय,” हिराबाई म्हणाली. “घरी घेऊन जायचाय.”

मी मोबाइल अश्फाकच्या हातात दिला, तो छान धरतो, हलवत नाही. टोपलीवरचं फडकं हिराबाईने काढलं. मी समोर उभी राहिले आणि आयुष्यात जो प्रश्न कधी विचारला नव्हता तो विचारला.

“गोंदादादा, तुमच्या खाडीत मासे मिळतात का?”

त्याने टोपलीकडे पाहिलं. मग हिराबाईकडे. माझ्या बाजूला एक बुरखेवाल्या बाई पिशवी घेऊन खोळंबल्या होत्या.

“बोलो ना, चाचा, जल्दी,” त्या म्हणाल्या, “मेरेको झिंगा लेना है.”

“हायत,” गोंदादादा म्हणाला.

“मोठ्यानं बोल,” हिराबाई म्हणाली. “हितून पानी लांब हाय.”

“हायत. गावतात. कोलंबी गावते, बोईट, शिंगाली, चिंबोरी गावते.” मग त्याने वाकून जिताडा दोन्ही हातांत उचलला, नातवाला उचलावं तसा. “ह्यो माज्या खुटावर गावला. माज्या बापाला पन गावायचा. मी त्या दिवशी काय न्हाय बोललो, ते सगल्यांनाच बोलतो. ते लिवायचं नसतं.”

बाजारात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या बाईंनी झिंगा घेतला. जिताडा लगेच गेला, मी भाव विचारला नाही. हिराबाईने सुपारीचं खांड तोडून अर्धं नवऱ्याच्या हातावर ठेवलं आणि अर्धं स्वतः खाल्लं. एवढं झाल्यावर मला कळलं की माझं काम झालं. अश्फाकने मोबाइल परत दिला आणि म्हणाला, “मॅडम, इतनी साल से इधर हूँ, खाडी बोले तो मैं गटर समझता था.” येत्या शुक्रवारी तो बायको-मुलांना तिवरं दाखवायला नेणार आहे.

परतीची एसटी दुपारी मिळाली. घाटात या वेळी उजवीकडची खिडकी.

घरी येऊन आता काही दिवस झाले. गमबूट गच्चीत वाळत आहेत आणि सोसायटीने वासाबद्दल सूचना लावली आहे. बोटावर चिंबोरीच्या चाव्याची खूण आहे, ती मी सगळ्यांना दाखवते. जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: पौर्णिमा-अमावास्या बघून जा, जुने कपडे घाला, आणि धक्क्यावर कोणालाही काय मिळालं हे विचारू नका.

एक धाकधूक मात्र होती. त्या दिवशी बाजारात बोललेलं पाण्याने ऐकलं असलं तर? मी शास्त्रज्ञ आहे, मला असलं काही वाटायला नको. तरी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला. गोंदादादानेच घेतला. मी काहीच थेट विचारलं नाही, मला माझी बाराखडी येते.

“काय जेवलात आज, दादा?”

“काय न्हाय, म्याडम. साधंच.”

आणि मागून हिराबाईचा आवाज, सरळ, मांजराशिवाय: “चिंबोऱ्या! भरून चिंबोऱ्या!”

आता त्या कार्यालयासाठी, ज्याला हा लेख मी वेगळा पाठवते आहे. गोंदादादांचा जबाब, बाजारातली चित्रफीत, माझ्या चिखलाच्या नोंदी आणि २८ ऑक्टोबरला भांग होता हे दाखवणारं पंचांगाचं पान सोबत जोडलं आहे. ते वाक्य मागे घेतल्याचं आणि धक्का जिथल्या तिथे राहील असं मला लेखी कळवावं. मुदत सोमवार, १ डिसेंबर, सायंकाळी पाच. फोन करू नये, मी उचलणार नाही. आणि उत्तर ‘काय न्हाय’ असं असेल तर ते मी उत्तर धरणार नाही, कारण ते म्हणायचा हक्क फक्त ज्यांची टोपली भरलेली असते त्यांचा आहे.